लिनक्स घडीघडी पासवर्ड मागतो तेव्हा काय करायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार बंद केला. त्या दिवाळीपासून अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या भागातल्या ओळखीच्या लोकांची जुनी मशीन माझ्याकडे यायला लागली. कुणाचं ई-सेवा दुकानातलं, कुणाच्या पोराचं कॉलेजचं, एक तर गावच्या अभ्यासिकेतलं. विंडोज ११ त्यांच्यावर बसत नाही आणि नवं घ्यायला पैसे नाहीत. मी त्यांवर विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून देतो. मशीन पळायला लागतं, माणूस खूश होऊन घरी जातो, आणि आठ दिवसांत फोन येतो: "दादा, हाई मशीन घडीघडी पासवर्ड काबर मांगस?"

प्रश्न रास्त आहे. पण बरेच जण वैतागून कुणालातरी विचारतात, आणि तो सांगतो की एक ओळ टाक, पासवर्ड कायमचा बंद होईल. ती ओळ टाकू नका. पासवर्ड मागण्यामागचं कारण शोधून ते दूर केलं, तर दिवसातून दहा वेळा येणारी खिडकी आठवड्यातून दोनदा येईल, आणि कुलूप जागेवरच राहील. ते कसं करायचं हे खाली क्रमाने लिहिलंय. सगळं मिंट आणि उबंटू या लिनक्सच्या दोन प्रकारांना धरून आहे. दुसरीकडे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय.

कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंकच वापरायचे. वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं छोटी. स्पेलिंगमध्ये चूक होईल असं वाटलं तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

पहिली पायरी: मागतंय कोण, ते बघा

पासवर्डची चौकट दिसली की हात लगेच कीबोर्डवर जातो. तो दोन सेकंद थांबवा आणि चौकटीत लिहिलेलं वाचा. डेस्कटॉपवर पासवर्ड मागणारे मुख्यतः तिघे असतात, आणि तिघांचं काम वेगळं.

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, मागतो तो सुडो, एस-यू-डी-ओ. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो पहिल्यांदा लिहिला, आणि आजही तो रोजच्या वापरात आहे. काम एकच: तेवढ्या एका कमांडपुरता तुम्हाला रूटचा, म्हणजे मशीनच्या मालकाचा अधिकार देणं. मिंट-उबंटूत तो तुमचाच लॉगिनचा पासवर्ड मागतो. ओपनसुसे या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात मात्र मूळ मांडणीत वर्षानुवर्षं रूटचा मागितला जायचा, त्यामुळे तिकडून आलेला माणूस इथे गोंधळतो.

पडद्याच्या मधोमध खिडकी उघडून मागतो तो पोलकिट. सॉफ्टवेअर टाकताना, वेळ बदलताना, डिस्क उघडताना तो येतो. कुठलं काम कुणाला विचारून करायचं याची यादी त्याच्याकडे असते, आणि ती सुडोच्या यादीपेक्षा वेगळी असते. म्हणून सुडोत केलेला बदल या खिडकीला लागू होत नाही. ही गोष्ट कळली नाही की माणूस तासभर नको तिथे डोकं फोडत बसतो.

तिसरा म्हणजे कीरिंग, किल्ल्यांचा जुडगा. ब्राउझर उघडल्यावर 'लॉगिन कीरिंग उघडलेलं नाही' अशा अर्थाची खिडकी आली तर ती याची. तिचा ॲडमिनच्या अधिकाराशी काही संबंध नाही. साठवलेल्या पासवर्डांची पेटी तेवढी तिला उघडायची असते.

मी शिकवताना सराफाच्या पेढीचं उदाहरण देतो, आणि जळगावचं सोनं माहीत असलेल्या माणसाला ते लगेच पटतं. गल्ल्याची किल्ली पोराकडे असते. तिजोरी उघडायची तर शेठला बोलवावं लागतं. शेठ येतो, 'कशाला उघडायची?' असं विचारतो आणि मग उघडतो. सुडो आणि पोलकिट म्हणजे शेठला मारलेली हाक. कीरिंग म्हणजे पोराच्या स्वतःच्या कपाटाची किल्ली.

दुसरी पायरी: पासवर्ड बरोबर असून चुकतो तेव्हा

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त ही असते, आणि मराठी टाइप करणाऱ्यांना ती हमखास येते. ई-सेवा दुकानात एक ताई दिवसभर अर्ज मराठीत भरतात. मध्येच प्रिंटरसाठी पासवर्डची खिडकी येते. कीबोर्ड मराठीवरच असतो. त्या नेहमीच्याच कळा दाबतात, पण आत जातात ती देवनागरी अक्षरं, आणि पडद्यावर दिसतात नुसते ठिपके. तीनदा चुकल्यावर त्यांना वाटतं, कुणीतरी पासवर्ड बदलला.

म्हणून पासवर्ड चुकला की आधी घड्याळाशेजारी भाषेची खूण बघा. कीबोर्ड इंग्रजीवर आणा, कॅप्स लॉक बघा, आणि पासवर्डात अंक असतील तर नम लॉकही बघा. तरी जमेना, तर शेजारी कुणी नसताना टेक्स्ट एडिटर उघडून पासवर्ड तिथे टाइप करा, काय उमटतं ते डोळ्यांनी बघा आणि सेव्ह न करता बंद करा. दहातल्या आठ वेळा गुन्हेगार तिथेच सापडतो.

पासवर्ड ठरवतानाच एक काळजी घ्या. वेगवेगळ्या कीबोर्ड मांडणीत जागा बदलणारी चिन्हं टाळा. लांब पण साधी अक्षरं आणि अंक असलेला पासवर्ड चिन्हांनी भरलेल्या आखूड पासवर्डापेक्षा हाताला सोपा पडतो.

टर्मिनलमध्ये तर बऱ्याच ठिकाणी ठिपकेही दिसत नाहीत. टाइप करताय आणि काहीच हलत नाही, म्हणून माणूस समजतो मशीन अडकलं. अडकलेलं नसतं. पासवर्ड किती अक्षरांचा आहे हे मागे उभ्या माणसाला कळू नये, म्हणून तसं ठेवलेलं असतं. शांतपणे पूर्ण टाइप करा आणि एंटर दाबा. मिंटमध्ये तारे दिसतात, कारण त्यांनी ती सोय आधीच चालू करून ठेवली आहे.

तिसरी पायरी: सुडो किती वेळ लक्षात ठेवतो

एकदा पासवर्ड दिला की मिंट-उबंटूतला सुडो १५ मिनिटं पुन्हा विचारत नाही. सुडोच्या मूळ मांडणीत हा वेळ ५ मिनिटं आहे. ही मुभा त्या एका टर्मिनलपुरती असते, दुसरी खिडकी उघडली की पुन्हा विचारणार. म्हणून काम एकाच टर्मिनलमध्ये सलग करा. एवढ्यानेच निम्मा वैताग जातो.

मशीन सोडून चहाला निघालात तर 'सुडो -के' टाइप करून एंटर दाबा. मुभा लगेच संपते. दुकानात ही सवय फार मोलाची.

वेळ वाढवायचाच असेल तर असा वाढवा:

सुडो व्हिसुडो -एफ /ईटीसी/सुडोअर्स.डी/वेळ

यात व्हिसुडो म्हणजे व्ही-आय-एस-यू-डी-ओ. ईटीसी म्हणजे ई-टी-सी. सुडोअर्स म्हणजे एस-यू-डी-ओ-ई-आर-एस, त्याला जोडून टिंब आणि डी. शेवटचं 'वेळ' हे फाइलचं नाव, ते इंग्रजी अक्षरांत काहीही ठेवा, पण त्यात टिंब नको. नावात टिंब असलेली फाइल सुडो वाचतच नाही आणि कुठे तक्रारही करत नाही. उघडलेल्या पानात एकच ओळ:

डिफॉल्ट्स टाइमस्टॅम्प_टाइमआउट=३०

पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दोन्ही टाइमच्या शब्दांमध्ये अंडरस्कोर, आणि ३० म्हणजे मिनिटं. शून्य ठेवलं तर दर वेळी विचारेल. उणे आकडा ठेवला तर मशीन पुन्हा चालू होईपर्यंत विचारणारच नाही, आणि तो मी कुणालाही ठेवू देत नाही.

आता सेव्ह. कंट्रोल आणि ओ दाबा. खाली फाइलचं नाव येईल आणि त्याच्या शेवटी टिंब-टीएमपी असं शेपूट दिसेल. ते पाहून पुष्कळ जण शेपूट पुसतात आणि सगळं बिघडतं. शेपूट तसंच राहू द्या आणि नुसतं एंटर दाबा. मग कंट्रोल आणि एक्स. व्हिसुडो आधी त्या तात्पुरत्या फाइलची तपासणी करतो आणि सगळं बरोबर असेल तरच खऱ्या जागी नेऊन ठेवतो. चूक सापडली तर 'व्हॉट नाऊ' असं विचारतो. तिथे ई दाबलं की पुन्हा दुरुस्त करता येतं, एक्स दाबलं की काहीही न बदलता बाहेर पडता येतं. मोठा क्यू दाबला तर चुकीचीच फाइल बसवली जाते, त्याला हात लावू नका.

व्हिसुडोवर मी एवढा भर देतोय त्याला कारण आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी सुडोअर्सची फाइल साध्या एडिटरने उघडली, एक शब्द चुकीचा लिहिला आणि सेव्ह केलं. पुढच्या क्षणापासून सुडो कुठलीच कमांड घेईना. चूक दुरुस्त करायला सुडो लागतो, आणि सुडो चुकीमुळे बंद. उन्हाळ्याची दुपार, समोर दुसऱ्याचं मशीन आणि त्यावर त्याच्या परीक्षेचा अर्ज अर्धवट. त्या दिवशी वाट सापडली ती 'पीकेएक्झेक व्हिसुडो' या कमांडने. पी-के-ई-एक्स-ई-सी ही पोलकिटची कमांड, ती सुडोची यादी वाचत नाही. तिने खिडकी उघडून पासवर्ड मागितला, व्हिसुडो उघडला आणि मी तो शब्द नीट केला. ही वाट कुठेतरी लिहून ठेवा.

चौथी पायरी: खिडकी येण्याचं कारणच काढून टाका

इथे सगळ्यात जास्त फायदा आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

ज्यांच्याकडे विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत, त्यांची तक्रार ठरलेली: 'डी ड्राइव्हवर क्लिक केलं की पासवर्ड मागतो, पेनड्राइव्हला मागत नाही.' पेनड्राइव्ह समोर बसलेल्या माणसाने स्वतः लावलेली असते, ती उघडायची मुभा त्याला असते. मशीनच्या आतली डिस्क सगळ्यांची, म्हणून पोलकिट ॲडमिनला विचारतो. यावर उपाय म्हणजे ती डिस्क मशीन चालू होतानाच जोडून घेणं.

आधी जुन्या फाइलची प्रत काढा: 'सुडो सीपी /ईटीसी/एफएसटॅब /ईटीसी/एफएसटॅब.जुना'. एफएसटॅब म्हणजे एफ-एस-टी-ए-बी. मग मेनूतून 'डिस्क्स' उघडा. डावीकडे डिस्क निवडा, उजवीकडे तिचा तो भाग निवडा. खालच्या दातेरी चाकावर क्लिक करून 'एडिट माउंट ऑप्शन्स' घ्या. वरचं 'यूझर सेशन डिफॉल्ट्स' बंद करा, 'माउंट ॲट सिस्टम स्टार्टअप'वर खूण ठेवा. खालच्या ओळीत 'नोफेल' शब्द आहे ना ते बघा, नसेल तर स्वल्पविराम देऊन जोडा. एन-ओ-एफ-ए-आय-एल. हा शब्द असला की उद्या ती डिस्क बिघडली तरी मशीन चालू व्हायचं थांबत नाही. ओके करा, शेवटचा पासवर्ड द्या, मशीन पुन्हा चालू करा. डी ड्राइव्ह आता न विचारता उघडेल.

उघडला पण त्यात काही लिहिता येईना, तर विंडोज अर्धवट झोपवलेलं आहे असं समजा. विंडोजमध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद करा आणि मशीन पूर्ण बंद करून मग लिनक्समध्ये या.

दुसरं कारण गटांचं. लिनक्समध्ये पुष्कळ अधिकार गटांवर वाटलेले असतात. माणसाला योग्य गटात घातलं की त्या कामापुरता पासवर्ड लागत नाही, आणि बाकी तिजोरी बंदच राहते. अभियांत्रिकीची पोरं आर्डुइनो नावाचा छोटा सर्किट बोर्ड जोडतात आणि परवानगी नाही म्हणून दर वेळी सुडो लावून प्रोग्राम चालवतात. त्यांना 'डायलआउट' गट हवा असतो. प्रिंटर जोडणं-काढणं करणाऱ्याला 'एलपीॲडमिन' गट. कमांड अशी:

सुडो ॲडयूझर ताई डायलआउट

ॲडयूझर म्हणजे ए-डी-डी-यू-एस-ई-आर, सगळं जोडून. 'ताई'च्या जागी त्या माणसाचं लॉगिन नाव. नंतर लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करा, त्याशिवाय गट लागू होत नाही. बरेच जण इथे थांबतात आणि 'काही फरक पडला नाही' म्हणतात.

एका गटाबद्दल मात्र सावध राहा. 'डॉकर' गटात माणूस घातला म्हणजे त्याच्या हाती रूटचाच अधिकार दिला. त्याला साधा गट समजू नका.

ब्राउझर उघडताना येणारी कीरिंगची खिडकी बहुतेक वेळा आपोआप लॉगिन ठेवल्यामुळे येते. एरवी लॉगिनचा पासवर्ड टाकताच त्याच पासवर्डाने ती पेटीही उघडते. आपोआप लॉगिनमध्ये पासवर्ड टाकलाच जात नाही, मग पेटी उघडणार कशी? आपोआप लॉगिन बंद करा, खिडकी जाते. 'पासवर्ड्स अँड कीज' या प्रोग्राममधून लॉगिन कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवायचीही सोय आहे, पण मग आतले सगळे पासवर्ड डिस्कवर उघडे पडतात. लोकांच्या बँकेची आणि शिष्यवृत्तीची कामं होतात त्या मशीनवर हे कदापि करू नका.

पाचवी पायरी: एखाद्या कामापुरती सूट

एवढं करूनही एखादं काम उरतं. वर सांगितलेल्या दुकानात प्रिंटरची रांग अडकायची, आणि छपाईची सेवा पुन्हा चालू करायला दर वेळी मालकाला फोन. बाहेर सातबाऱ्यासाठी शेतकरी उभे. मालकाने चिडून आपला पासवर्डच कागदावर लिहून भिंतीला चिकटवला होता. त्यापेक्षा तेवढ्या एका कमांडला सूट देणं कितीतरी बरं.

पुन्हा व्हिसुडो -एफ घेऊन सुडोअर्स.डी मध्ये 'प्रिंटर' नावाची फाइल उघडा आणि ही ओळ लिहा:

ताई ऑल=(रूट) नोपासडब्ल्यूडी: /यूएसआर/बिन/सिस्टमसीटीएल रीस्टार्ट कप्स

'ऑल' आणि 'नोपासडब्ल्यूडी' ही मोठ्या अक्षरांत. दुसऱ्याची अक्षरं एन-ओ-पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी. सिस्टमसीटीएल म्हणजे एस-वाय-एस-टी-ई-एम-सी-टी-एल, कप्स म्हणजे सी-यू-पी-एस, तीच छपाईची सेवा. कमांडचा पूर्ण पत्ता लिहायचा, आणि ताईंनी टर्मिनलमध्ये 'सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट कप्स' हेच, अक्षर न अक्षर, टाइप करायचं. ही सूट दुसऱ्या कशालाही लागत नाही. त्या माणसाच्या खात्यावर 'सुडो -एल' टाइप केलं की त्याला काय मुभा आहे ते दिसतं, बदल केल्यावर ते एकदा वाचाच.

अशा सुटीत तीन गोष्टी घालू नका. एडिटर, कारण विनापासवर्ड एडिटर म्हणजे कुठलीही फाइल बदलायची मुभा. तारांकन, कारण त्याच्या जागी कुणीही काहीही लिहू शकतो. आणि त्या माणसाला स्वतः बदलता येईल अशी स्क्रिप्ट, कारण तो आज सूट घेईल आणि उद्या स्क्रिप्टच बदलेल.

सगळ्या कमांडना 'नोपासडब्ल्यूडी' द्यायला मी का नकार देतो, तेही सांगतो. मग तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम, ब्राउझरमधून उतरवलेली कुठलीही फाइल, न विचारता मशीनची मालक होते. त्या क्षणी तुम्हाला थांबवणारी एकमेव गोष्ट ती चौकटच असते. तुम्ही स्वतः काही सुरू केलेलं नसताना खिडकी आली, तर रद्द करा. न कळणारी लांबलचक कमांड कुणी पाठवली आणि 'पासवर्ड टाकून पुढे जा' म्हणाला, तर टाकू नका.

दुकान असो की घर, ॲडमिनचं खातं एक आणि रोजच्या कामाचं खातं वेगळं ठेवा. 'युझर्स अँड ग्रुप्स'मध्ये दुसरं खातं साधं, म्हणजे 'स्टँडर्ड' प्रकारचं करा. त्या खात्यावर खिडकी आली की ती ॲडमिनचं नाव दाखवून त्याचा पासवर्ड मागते. पोरांच्या हाती मशीन देताना ही मोठी निर्धास्ती. उलट तुमच्याच खात्यावर सुडो 'तुम्ही सुडोअर्समध्ये नाही' म्हणत असेल, तर तुम्ही ॲडमिनच्या गटात नाही. त्या गटाचं नाव उबंटू, मिंट, डेबियनमध्ये 'सुडो' आणि फेडोरात 'व्हील'. डेबियन आणि फेडोरा हेही लिनक्सचेच प्रकार. डेबियन टाकताना रूटचा पासवर्ड ठरवला तर तुमचं खातं त्या गटात घातलं जात नाही. तो रकाना रिकामा सोडला तर घातलं जातं.

पासवर्ड खरंच विसरलात तर

मशीन चालू होताना शिफ्ट धरून ठेवा, नव्या मशीनवर एस्केप दाबा. मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', त्यात 'रिकव्हरी मोड', मग 'रूट'. एंटर दाबल्यावर काळ्या पडद्यावर आधी 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' टाइप करा, म्हणजे डिस्कवर लिहिता येईल. मग 'पासडब्ल्यूडी' आणि पुढे तुमचं लॉगिन नाव. इथे पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी, मध्ये ओ-आर नाही. नवा पासवर्ड दोनदा द्या, टाइप करताना काही दिसणार नाही. मग 'रीबूट'.

हे तुम्हाला जमतं म्हणजे मशीनजवळ बसलेल्या कुणालाही जमतं. लॅपटॉप घेऊन भुसावळ-मुंबई करत असाल तर लिनक्स टाकतानाच डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता येणार नाही अशी, करून घ्या. त्या डिस्कचा पासवर्ड मशीन चालू होतानाच मागितला जातो, आणि तो विसरलात तर वरची युक्ती चालत नाही. तो कागदावर लिहून घरच्या कपाटात, महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा.

रिकव्हरीतून पासवर्ड बदलल्यावर कीरिंगची पेटी मात्र जुन्याच पासवर्डावर राहते. ब्राउझर उघडला की ती जुना मागेल. आठवला तर तो द्या आणि 'पासवर्ड्स अँड कीज'मध्ये जाऊन नवा करून घ्या. नाहीच आठवला, तर तिथेच लॉगिन कीरिंग पुसून टाका. पुढच्या लॉगिनला नवी रिकामी पेटी तयार होईल, फक्त त्यात साठवलेले जुने पासवर्ड एकेक करून पुन्हा भरावे लागतील.